मॅडमची चूल

मिशन दवाखाना, टाकळवाडी,
ता. श्रीरामपूर
८ जानेवारी १९७३

तीर्थरूप यशयामामांस गिदोनचा सलाम.

आईची तब्येत बरी आहे. ती तुमची आठवण काढते. मी मात्र आज आठवणीने नव्हे, अडचणीने लिहीत आहे. मॅडमची चूल पुन्हा काढली आहे.

मॅडम विलायतेला परत गेल्यापासून ती ताडपत्रीखाली पडून होती, हे तुम्हांला माहीत आहे. या दुष्काळात लाकूड मिळत नाही. जनावरे छावणीत गेली, त्यामुळे गोवऱ्याही नाहीत. दवाखान्याला रॉकेलचा परवाना मिळाला, तेव्हा मेट्रन दयाबाई म्हणाल्या, "चूल काढा. गिदोन यशयाचा भाचा आहे, त्याला येत असेल." मला काही येत नाही. मी सातवी नापास. अक्षर बरे आहे म्हणून कोठीवर ठेवलेला माणूस. पण तुमच्या नावापुढे नाही म्हणता आले नाही.

भिंतीबाहेरची टाकी, तांब्याची नळी, आतला कॉक, काचेच्या वाटीची गाळणी, सगळे तुम्ही बसवले होते तसेच आहे. टाकी उघडली तेव्हा तळाच्या जुन्या रॉकेलात एक पाल होती. भिजून पांढरी पडलेली आणि फुगलेली. चिमट्याने उचलली तर शेपूट सुटून परत आत पडली. त्या दिवशी मी जेवलो नाही. टाकी धुऊन काढली आणि आता अशी बंद केली आहे की मुंगीसुद्धा आत जाणार नाही. झाकणाखाली सायकलच्या ट्यूबची चकती घातली, वर कुलूप लावले, किल्ली माझ्या करगोट्याला.

एवढे करून चूल नीट जळत नाही. सकाळी निळी आच येते, मग हळूहळू बसते, पिवळी होते, काजळी धरते आणि विझते. पुन्हा पेटवायला जावे तर पोटातून पांढरा धूर निघतो आणि तो सगळा पेजेत उतरतो. रेशनच्या मिलो ज्वारीची लाल पेज आधीच कशी लागते ते तुम्हांला सांगायला नको. तिला रॉकेलचा वास लागला की रोगी वाटी भिंतीकडे सरकवतात.

स्वयंपाकाला साळूबाई नावाची बाई ठेवली आहे. शेतकऱ्याच्या घरातली, विधवा. तिची मुलगी पुष्पावती क्षयाच्या वॉर्डात आहे. सुयांचा कोर्स पुरा होईपर्यंत आईने स्वयंपाक करायचा आणि दोघींनी इथेच राहायचे, जेवायचे असे ठरले आहे. ती आली म्हणून गावाकडचे रोगी इथले खाऊ लागले. त्याआधी त्यांना आमच्या हातची पेज चालत नव्हती. पण मामा, तिचे हात पाहाल तर तुम्हांला शिसारी येईल. दिवसभर तोंडात मिश्री. तेच बोट लुगड्याला पुसते आणि तोच हात पिठात. क्षयाच्या पोरीचे तोंड पुसून तशीच येते. मी तिला दर खेपेला साबण देतो. ती हसते.

चूल का विझते ते कळवावे.

आपला भाचा,
गिदोन


खर्डा, ता. जामखेड
१५ जानेवारी १९७३

चि. गिदोनास मामाचा लई लई आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा पालीची दया आली. एवढ्या दिवसांनी कुनी भेटाया आलं आणि त्यानं चिमटा लावला. तुझं अक्षर मात्र बघत राहावं असं हाय. जावई शाळामास्तर, त्यानंसुद्धा बघितलं आणि गप बसला.

आता चूल. तिला मी नवरीसारखी संभाळली हुती, तवा तिच्या खोड्या मला ठाऊक हायेत. पहिली खोड, पानी. रॉकेलात पानी असलं तर ते तळाला बसतं आणि नळीत उतरतं. टाकीच्या बुडाला पितळी चावी हाय, ती सोडून बाटलीभर काढ आणि उजेडात धर. खाली वेगळा थर दिसला तर पानी समज. दुसरी खोड, गाळनी. काचेची वाटी सोड, आत जाळी हाय, ती रॉकेलनंच धू. पान्यानं धुशील तर माझ्या बहिनीला सांगंन तुझे कान उपटाया.

टाकी बंद केलीस ते बरं केलंस. पाल, उंदीर, कबुतराचं पीस, मागं लई तरास व्हायचा.

एक सांगतो. चूल नक्की कवा बसती, पेटवल्यावर किती येळानं, तवा तू कुठं असतोस, ती बाई काय करीत असती, हे त्या बाईलाच इचार. चुलीपुढं ती बसती, तू न्हाई. ती कुन्या गावची?

मॅडमसुद्धा पहिले काही दिस माझ्या हाताचा वास घेऊन बघायची. मग चूल हातात दिली. घेऊ दे म्हटलं वास.

तुझा मामा,
यशया


टाकळवाडी
२९ जानेवारी १९७३

तीर्थरूप मामांस सलाम.

तुम्ही सांगितले ते सर्व केले. बुडातून बाटली काढली. पाण्याचा थर बोटभर निघाला. गाळणीची वाटी सोडली तेव्हा त्यात जे होते ते कागदावर लिहावे की नाही असे वाटते. तपकिरी साय, केस, आणि त्या पालीचे राहिलेले काहीतरी. मी नाकाला रुमाल बांधूनच टाकीशी जातो. झाकण उघडतानाही तोंड दुसरीकडे करतो, कारण तो वास नाकात गेला की पाल डोळ्यांपुढे येते.

त्या दिवशी चूल संध्याकाळपर्यंत निळी जळली. दुसऱ्या दिवशीही जळली. मी सकाळी आणि दुपारी झाकण काढून काठीने रॉकेल मोजून पाहत होतो. सगळे ठीक होते. मेट्रन म्हणाल्या, "शेवटी यशयाचं रक्त." मला बरे वाटले.

मग मला रॉकेलचे पिंप आणायला श्रीरामपूरला जावे लागले. जाण्यापूर्वी कुलूप लावून गेलो. संध्याकाळी एस.टी.ने परत आलो तर चूल थंड, स्वयंपाकघर काळे आणि पेज गटारात. साळूबाई म्हणाली, "दादा, तू गेलास आन् ती बसली." मी काठी घालायला झाकण उघडले, चूल पेटवली, तर निळी लागली. पुढच्या आठवड्यात मी गव्हाच्या परवान्यासाठी पुन्हा गेलो. पुन्हा तेच.

मामा, मी असतो तेव्हा चूल जळते. मी नसतो तेव्हा विझते. चूल तीच, रॉकेल तेच. बदल फक्त एवढाच, की मी नसताना ती एकटी असते.

तुम्ही म्हणता तिला विचार. तिला काही विचारायचे म्हणजे तिच्यापुढे उभे राहायचे. ती बोलताना अगदी जवळ येते. दात काळे, कडेला थुंकी. मी विचारले नाही.

तिचे गाव जामखेडच्या पलीकडे, तुमच्याच बाजूला कुठेतरी आहे.

आपला,
गिदोन


खर्डा
६ फेब्रुवारी १९७३

चि. गिदोनास आशीर्वाद.

तू हिशेब बरोबर मांडतोस पन उत्तर आधीच लिहून ठिवतोस, असं मला वाटतं. बाईनं रॉकेलात पानी घातलं म्हनशील, तर कुलूप तुझं, किल्ली तुझ्या करगोट्याला. मग पानी काय तिनं मंतरून घातलं?

नळीला कुठं पोट पडलंय का बघ. भिंतीतून आत येताना नळी वाकून वर गेली तर तिथं हवा अडकती. सरळ कर.

न्हाई तर एकच राहतं. बाया रॉकेल राखत्यात. आच मोठी दिसली की जीव तुटतो त्यांचा. बाई कॉक बारीक करीत असंल. आमच्या घरात तुझी मामी तशीच करायची आणि कालवन कच्चं वाढायची. इचारलं तर म्हनायची, मी हात न्हाई लावला.

पन एक ध्यानात ठेव. तुझी आजी, म्हंजे माझी आई, हिरीवर घागर घेऊन बसून राहायची. कुनी वाटसरू बाई येईल, वरनं ओतील, मग पानी. ओतताना ती बाई अंग चोरायची, धार लांबनं सोडायची, निम्मं पानी मातीत. आईला पान्यापरीस ते अंग चोरनं लई लागायचं. तिनं मला सांगितलं, मी तुला सांगतो. तू साबन देतोस ते चांगलं. कसा देतोस ते मला हितनं दिसत न्हाई.

मामा


टाकळवाडी
२४ फेब्रुवारी १९७३

तीर्थरूप मामांस सलाम.

प्रश्न सुटला. नळीला पोट नव्हते, मी पाहिले. राहिले ते तुम्ही लिहिलेले शेवटचे कारण.

मागच्या बुधवारी मी नगरला गेलो होतो. परत आलो तर वॉर्डात गोंधळ. चूल विझली होती आणि धुराच्या वासाची पेज साळूबाईने तशीच वाढली होती. म्हणे दुसरे पीठ भिजवलेले नव्हते आणि माणसे उपाशी होती. एका म्हाताऱ्याने ती ओकली, त्याचे पाहून शेजारचा ओकला, मग रांगच लागली. मी ती फरशी पाहिली आहे. लाल मिलो, त्यावर रॉकेलची साय चमकत होती. ती बाई पदराने फरशी पुसत होती. त्याच पदराने.

दयाबाईंनी विचारले, "चूल का विझते?" मी तुमचे पत्र त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते वाचले आणि साळूबाईला बोलावले. "कॉक तू बारीक करतेस का?" ती म्हणाली, "न्हाई बाई. पोरीच्या गळ्याची आन." दयाबाई म्हणाल्या, "पोरीची शपथ घालू नकोस." झाले.

तिला कामावरून काढले. मुलीला वॉर्डात ठेव, सुया पुऱ्या होऊ देत, असे दयाबाईंनी स्वतः सांगितले. पण ती म्हणाली, "मला हाकललेल्या जागी माझी पोर कुणाच्या तोंडाकडं बघील?" मुलीला पाठुंगळीस घेतले आणि गेली. डॉक्टर म्हणाले, सुया अर्ध्यावर तुटणे वाईट. त्याला मी काय करणार? मी तिला मुलगी न्यायला सांगितले नव्हते.

जाताना तिने साबणाची वडी परत केली. ती ओली होती. मी फेकून दिली.

आता मी स्वतःच स्वयंपाक बघतो. भांडी राखेने घासून वर गरम पाणी. स्वयंपाकघर इतके स्वच्छ पूर्वी कधी नव्हते.

आपला,
गिदोन


खर्डा
३ मार्च १९७३

गिदोन,

माझं पत्र तू मेट्रनपुढं ठिवलंस?

मी 'असंल' लिवलं हुतं. 'असंल'. भाच्याला घरात बसून लिवलेलं. तू त्याची साक्ष केलीस. माझ्या म्हाताऱ्या तोंडाचा वापर केलास आणि पोरीच्या सुया तुटल्या. ती पोर वाचंल का, हे तुझ्या पत्रात कुठं न्हाई. फरशीवर काय पडलं हुतं ते मात्र अक्षर वळनदार काढून लिवलंस.

मलाबी माफी न्हाई. बायकांवर ढकलून मोकळं व्हायची सवय जुनी हाय माझी. मामी असती तर बोलली असती.

एकच सांग. ती गेल्यावर चूल जळती का?

आणि गाव नीट इचारून कळव. जामखेडच्या पलीकडं म्हंजे समदा मुलूख हाय.

यशया


टाकळवाडी
२० मार्च १९७३

तीर्थरूप मामा,

तुमच्या पत्राचे उत्तर लगेच देता आले नाही. देण्यासारखे नव्हते. आता आहे.

चूल जळते का म्हणून विचारले होते. ती गेल्यावर पहिले काही दिवस जळली, कारण मी जुन्या सवयीने टाकी मोजत होतो. मग गावाकडच्या रोग्यांनी माझ्या हातचे खाणे बंद केले. एक पाटील तर वाटी बघून म्हणाला, "ठेव तिथं," आणि ती तिथेच राहिली. त्यांच्या घरून भाकरी येऊ लागल्या. पेज कमी लागू लागली. मी टाकी तोंडापर्यंत भरली आणि म्हटले, भरलेली टाकी काय मोजायची.

परवा सकाळी पेज शिजायच्या आतच आच बसली. मी चुलीपुढे बसलो होतो, माझ्याशिवाय तिथे कोणी नव्हते. कॉक पूर्ण उघडा होता. माझा हात त्याच्यावर होता. आच माझ्या डोळ्यांदेखत पिवळी झाली, कड्यांवरून सरपटली आणि गेली. धूर निघाला. माझ्या स्वच्छ पातेल्यात उतरला.

मी धावत बाहेर गेलो. हाताला काजळी होती म्हणून रुमाल बांधला नाही. कुलूप काढून झाकण उचलू लागलो तर ते उचलेना, आतून कोणी धरल्यासारखे. जोर लावला तेव्हा सुटले, आणि टाकीने लांब 'हुस्स' केले. वारा माझ्या बोटांवरून आत गेला. आतून परिचारिका ओरडली, "गिदोन, पेटली रे! आपोआप पेटली!"

मामा, झाकणाच्या मागच्या अंगाला, बिजागरीशेजारी, एक बारीक भोक होते. तुम्ही पाडलेले. टाकी धुतली त्या दिवशी मला वाटले, पाल इथूनच आत गेली असेल. इतक्याशा भोकातून पाल जाणार नाही, हे डोळ्यांना दिसत होते, पण किळस आली की डोळे कामाचे राहत नाहीत. मी त्यात साबण कोंबला आणि वरून मेणबत्ती ओघळवली. तुम्हांला लिहिले ते फक्त टाकी बंद केली असे. कशी बंद केली ते लिहिण्याइतके मला महत्त्वाचे वाटले नव्हते. रॉकेल खाली उतरायचे तर वरून हवा आत यायला हवी. ती मी कोंडली. मी मोजायला झाकण काढी तेव्हा टाकी श्वास घेई आणि चूल दुपारपर्यंत जळे. मी गावाला जाई तेव्हा कुलूप घालून जाई.

आता तुम्हांला जे कधीच लिहिले नव्हते ते लिहितो. जानेवारीतच साळूबाई एकदा मला म्हणाली होती, "दादा, तू झाकण काढतूस तवा टाकी कशी हुस्स करती! मुंडी मुरगाळलेल्या माणसावानी. तिला दम कोंडतोय का काय?" असे म्हणून ती हसली. ती अगदी जवळ उभी होती. तोंडाला मिश्रीचा वास येत होता. मी मान फिरवली आणि म्हणालो, "हात धू."

मी साबण कोरून काढला आहे. त्याला अजून वास होता, रॉकेलचा नव्हे, साबणाचा. तो वास मला आता पालीपेक्षा वाईट वाटतो.

दयाबाईंना सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "पत्र तू ठेवलंस, पण वाचलं मी." तिला परत आणायला त्या तयार आहेत. वॉर्डातल्या एका बाईकडून गाव कळले. किल्ल्याच्या गावापासून कोसभर, वाघवस्ती. किल्ल्याचे गाव म्हणजे तुमचा खर्डाच. तुम्ही तिला शोधाल का? मला तोंड नाही.

गिदोन


खर्डा
२ एप्रिल १९७३

चि. गिदोन,

भोकाचं मी तुला सांगितलं न्हाई, हे खरं. मानसाला नाकाला भोकं ठेव म्हनून कुनी सांगतं का? पन सांगाया पायजे हुतं. चूल पोराच्या हातात दिली की समदं सांगावं.

बाई घावली. वस्तीवर न्हवती. हितं रस्त्याच्या कामावर खडी फोडती. पोर बाभळीच्या सावलीला गोधडीवर. पोर खोकती आणि आई हातोडा थांबवून बघती, पुन्हा मारती. मुकादम ओरडतो. आसं चाललंय.

मी जाऊन सलाम केला आणि म्हटलं, मी गिदोनचा मामा. ती म्हनाली, "म्हंजे ते कॉकवालं पत्र तुमचंच." मी म्हटलं, व्हय, माझंच. तवा हातोडा खाली ठिवला. मारती का काय वाटलं. पन घाम पुसला नुसता.

तुझ्या साबनाची गोष्ट सांगितली. ती ऐकत राहिली, मग हसाया लागली. शेजारच्या बाया बघाया लागल्या. म्हनली, "घ्या! मला साबन, टाकीलाबी साबन! त्या पोराला देवानं हात दिलं का साबनाच्या वड्या?" मग हसता हसता गप झाली. म्हनली, "मी काय कमी हुते का मामा. पहिल्यांदा आले तवा तुमच्या दवाखान्यातलं पानी पेत न्हवते. पोरीलाबी पिऊ देईना. मिशनच्या मानसांनी शिवलेलं म्हनून. पोर तापात पानी पानी करायली तवा तिला पाजलं, आन् तिला पाजलं म्हनून मीबी प्याले. घशाखाली जाईना. पन प्याले. तुमच्या भाच्याला कुनासाठी काय प्यावं लागलं हाय?"



दवाखान्यात चल म्हटलं. म्हनली, "सांगाव्यावर येनार न्हाई. मेट्रनच्या चिठ्ठीवर येनार न्हाई. त्याला म्हनावं हितं ये. माझ्या लोट्यानं पानी पी. तोंड लावून. मग बघू."

पोर फार वाळली हाय. ये म्हटलं तर लवकर ये.

मामा


टाकळवाडी
१६ एप्रिल १९७३

तीर्थरूप मामांस गिदोनचा सलाम.

आम्ही तिघे सुखरूप पोहोचलो. नगरपर्यंत एस.टी.त उभे राहावे लागले, तिथून पुढे जागा मिळाली. पुष्पावती खिडकीशी झोपून होती.

खडीच्या कामावर तुम्ही मला तिच्यापुढे सोडून लांब बाभळीखाली विडी ओढत बसलात. तिथून तुम्हांला किती दिसले आणि किती ऐकू आले ते मला माहीत नाही, म्हणून लिहितो.

ती मला पाहून उठली नाही. शेजारचीला म्हणाली, "ह्यो बघ आमचा साबनवाला." मग जर्मलचा लोटा भरला. तिथले पाणी टँकरमधून पिंपात ओततात, ते तुम्ही पाहिलेच. ते पिंप रॉकेलचे होते. पाण्यावर तशीच साय तरंगत होती. लोट्याच्या काठाला मिश्रीचा डाग होता आणि आतली बोटे तिचीच. तिने लोटा पुढे केला आणि म्हणाली, "वरनं ओतायची न्हाई हं. तुझ्या आजीला ओतायचे तसं. मामानं सांगितलंय मला. तोंड लाव."

मी तोंड लावले आणि सगळा लोटा प्यालो. मामा, मला किळस आली नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. शेवटच्या घोटापर्यंत आली. लोटा तिच्या हातात दिला आणि खडीच्या ढिगामागे जाऊन ओकलो. तुम्ही पाठ केलीत ते मी पाहिले.

मला वाटले, आता सगळे संपले. तोंड पुसून परत आलो तर ती हसत होती. म्हणाली, "माझी पेज मान्सं ओकली तर मला काढली. तू माझं पानी ओकलास, तुला कुनी काढायचं?" मी लोटा उचलला आणि पुन्हा पिंपापाशी गेलो. तिने हातातून काढून घेतला. "पुरं," म्हणाली. "मेलास तर चूल कोन बघील?" आणि मुलीची गोधडी गुंडाळू लागली.

डॉक्टरांनी पुष्पावतीला तपासले. सुया पहिल्यापासून सुरू केल्या आहेत. आधीच्या सगळ्या वाया गेल्या. वाचेल का, असे विचारले तर ते म्हणाले, "आता तुटू देऊ नका." यापेक्षा जास्त काही बोलले नाहीत. ती माझ्याकडे पाहत नाही. आईच्या पदराआडून पाहते.

झाकणाच्या भोकावर वाकडी नळी बसवली आहे. तोंड खाली, तोंडाला बारीक जाळी. पाल जाणार नाही, हवा जाईल. किल्ली चुलीशेजारच्या खिळ्याला टांगली आहे. साळूबाई सकाळी बाहेर जाते, तळहात नळीखाली धरते आणि ओरडते, "घेतीय गं श्वास!" मग आत येऊन पेटवते. गावाकडचे रोगी पुन्हा पेज खातात. मी वाढली तर अजून खात नाहीत. त्या पाटलापुढे काल तिने स्वतः वाटी ठेवली आणि म्हणाली, "ही ह्यानं शिजवलीया. मी नुसती आनली." पाटील वाटीकडे बघत राहिला. ती हलली नाही. त्याने खाल्ली की नाही ते पाहायला मी थांबलो नाही. मला त्याचे तोंड माहीत आहे. तसेच तोंड मी केले होते.

तिची मिश्री सुटलेली नाही. हात ती कधी धुते, कधी धूत नाही. ती बोलायला लागली की पूर्वीसारखीच अगदी जवळ येऊन बोलते आणि मला अजून तो वास सहन होत नाही. मी श्वास रोखून धरतो, मामा. पण मान फिरवत नाही. तिचे बोलणे पुरे होईपर्यंत ऐकतो, मगच श्वास सोडतो.

आपला भाचा,
गिदोन